बोर्गुंडचे लाकडी चर्च आठशे वर्षे उभे कसे राहिले?

आंबेवाडीकर
नमस्कार. गिरगावातील आमच्या वाचनालयात अधूनमधून जुन्या वास्तूंवर सचित्र व्याख्याने होतात आणि पुढच्या खेपेस नॉर्वेतील बोर्गुंड या खेड्यातल्या लाकडी चर्चची ओळख करून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सोग्न फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याच्या, आतल्या टोकाजवळच्या लेर्डाल खोऱ्यात असलेले हे चर्च बाराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे ११८० नंतरच्या काही वर्षांत, पाइनच्या लाकडात बांधले गेले आणि ते संत आंद्रेयाच्या नावाने आहे, इतपत माहिती मी जमवली आहे. छायाचित्रे तर अप्रतिम आहेत. एकावर एक चढत गेलेली उतरती छपरे, त्यांवर माशाच्या खवल्यांसारख्या बसवलेल्या लाकडी चकत्या आणि सगळ्यांत वर आ वासलेले ड्रॅगन. परंतु श्रोते चित्रांवर समाधान मानणारे नाहीत, आणि मलाही काही गोष्टी नीट समजलेल्या नाहीत.

पहिली शंका अगदी घरचीच आहे. मी ज्या इमारतीत राहते, तिथले मोरीलगतचे सागवानी खांब बुडाशी इतके कुजले आहेत की दर पावसाळ्यापूर्वी नवे टेकू लावावे लागतात, आणि ती इमारत शंभरीच्या आसपासची आहे. मग पश्चिम नॉर्वेसारख्या पावसाळी मुलखात, सागापेक्षा मऊ असलेल्या पाइनचे खांब आठ शतके कसे टिकले? दुसरे असे की, हे चर्च एकही खिळा न वापरता बांधलेले आहे असे जिथेतिथे लिहिलेले आढळते, ते कितपत खरे मानावे? आणि तिसरे म्हणजे, ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या छपरावर ड्रॅगन काय करीत आहेत? जाणकारांनी सविस्तर लिहिले तर उपकार होतील.

तळखडा
आंबेवाडीकरताई, मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहे, त्यामुळे उत्तर पायापासूनच देतो.

आधी पावसाचे पाहू. पश्चिम नॉर्वे पावसाळी आहे हे खरे, परंतु ते किनाऱ्याला लागू पडते. बर्गन शहरात मुंबईच्या तोडीचा पाऊस वर्षभर पसरून पडतो. लेर्डाल मात्र डोंगरांच्या आड, फ्योर्डच्या पार आतल्या टोकाशी आहे, आणि तिथे वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. त्यातच हिवाळा लांब आणि कडाक्याचा असल्यामुळे लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचे काम वर्षातले कितीतरी महिने बंद असते, आणि वाळवी तर तिथे नाहीच. आपल्या खांबांना यांपैकी एकही सवलत मिळत नाही. तरीही केवळ हवामानाने हे चर्च टिकवले असे म्हणता येणार नाही, कारण त्याच हवामानात त्याच्या आधीची लाकडी चर्चे टिकली नाहीत.

ती का टिकली नाहीत, हेच या वास्तूचे मर्म आहे. नॉर्वेत अकराव्या शतकात जी पहिली चर्चे झाली, त्यांचे खांब सरळ जमिनीत खड्डे करून पुरलेले असत. आजच्या काही चर्चांच्या जमिनीखाली उत्खननात हे जुने खड्डे सापडले आहेत. पुरलेला खांब वाऱ्याला दाद देत नाही, परंतु मातीच्या पृष्ठभागाशी, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात, तिथे तो काही दशकांत कुजतो. पुढच्या सुतारांनी खांब मातीतून वर काढला. दगडांच्या बसक्या जोत्यावर त्यांनी चार जाड तुळया एकमेकींना छेदतील अशा आडव्या मांडल्या, त्यांची टोके चौकाबाहेर काढली, आणि सगळे खांब या आडव्या चौकटीवर उभे केले. बाहेर काढलेल्या टोकांवर भोवतालच्या बाहेरच्या भिंतींची चौकट टेकवली. आपल्याकडच्या वाड्यात लाकडी खांबाखाली दगडी तळखडा असतो, त्यामागचा विचार हाच आहे. फरक एवढाच की आपल्या वाड्यात प्रत्येक खांबाला आपापला तळखडा असतो, तर बोर्गुंडला सगळे खांब एकाच चौकटीत जखडलेले असल्यामुळे जमीन थोडीफार खचली तरी संपूर्ण सांगाडा एकत्र हलतो.

खांबाचे बूड एवढे नाजूक का, हेही श्रोत्यांना सांगण्यासारखे आहे. झाड ज्या बारीक नळ्यांतून मुळांकडचे पाणी शेंड्याला पोहोचवते, त्या नळ्या कापलेल्या लाकडातही तशाच असतात. म्हणून लाकूड अंगाने जेवढे पाणी पिते त्याच्या कितीतरी पट पाणी कापलेल्या टोकातून ओढून घेते. आपल्या मोरीलगतच्या खांबांचे दुखणे तेच आहे. त्यांच्याभोवती कधीतरी कोबा किंवा लादी चढवली गेली असेल तर मूळ तळखडा जमिनीखाली गेला, आणि खांबाचे टोक कायमचे ओलीत बसले. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात ग्रीनस्टेड गावचे चर्च आहे, त्याच्या भिंती ओकचे ओंडके मधोमध चिरून उभे करून बनवलेल्या आहेत आणि ते बोर्गुंडपेक्षाही जुने आहे. तिथे १८४८ च्या सुमारास सगळ्या ओंडक्यांची कुजलेली बुडे कापून टाकावी लागली आणि उरलेल्या भिंती विटांच्या जोत्यावर बसवाव्या लागल्या. ओक हे पाइनपेक्षा टणक लाकूड, तरी ही गत झाली.

आता सांगाड्याकडे येऊ. मधल्या उंच दालनाच्या भोवती खांबांची रांग आहे आणि हे खांब जमिनीलगतच्या चौकटीपासून वरच्या छपराच्या बुडापर्यंत अखंड जातात. लाकूड वाळताना रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे उभ्या खांबांवरची इमारत शतकानुशतके आपली उंची राखते. फिनलंड किंवा रुमानियातल्या, आडवे ओंडके एकमेकांवर रचून बांधलेल्या चर्चांच्या भिंती मात्र पहिल्या काही वर्षांत दाबल्या जाऊन खाली बसतात, आणि दारे-खिडक्यांच्या वर तेवढी फट आधीच ठेवावी लागते. बोर्गुंडच्या खांबांना वरच्या अंगाला फुलीच्या आकाराचे तिरपे दुवे जोडलेले आहेत, ज्यांना संत आंद्रेयाचे क्रूस म्हणतात, आणि त्यांच्या वर-खाली वक्र हस्त, म्हणजे कोनातले वाकडे आधार, बसवलेले आहेत. हे हस्त सुतारांनी मुळाजवळ नैसर्गिकरीत्या वळलेल्या लाकडातून काढले, म्हणजे लाकडाच्या रेषा वळणाबरोबर वळतात आणि हस्त मोडत नाही. जहाजाचे सुतार हीच युक्ती वापरत असत. छपराखाली कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या कैच्या आहेत, त्या छपराचा बाहेरच्या बाजूला जाणारा रेटा अडवतात.

भिंतीच्या उभ्या फळ्या खालच्या तुळईच्या खाचेत आणि वरच्या पाटईच्या, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरील आडव्या तुळईच्या, खाचेत नुसत्या बसवलेल्या आहेत, आणि शेजारशेजारच्या फळ्याही एकमेकींत अडकवलेल्या आहेत. या सगळ्यांच्या बाहेरून उघडी पडवी फिरते. दर्शनी चित्रांत ती फारशी नजरेत भरत नाही, परंतु माझ्या मते या चर्चच्या दीर्घायुष्यातला सर्वांत मोठा वाटा तिचाच आहे. छपरांच्या पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात, आणि ज्या खालच्या चौकटीवर सगळा डोलारा उभा आहे तिच्यावर थेट पाऊस येत नाही.

खिळ्यांविषयी: मुख्य सांगाड्याचे सांधे लाकडी मेखांनी आणि खाचांनी जोडलेले आहेत, हे बरोबर आहे. दाराच्या बिजागऱ्या आणि कुलपे मात्र लोखंडी आहेत, आणि पुढच्या शतकांतल्या डागडुजीत लोखंड आलेच आहे. तेव्हा “एकही खिळा नाही” हे वाक्य सहलीच्या पत्रकातच शोभते. व्याख्यानात “सांगाडा लाकडी मेखांवर उभा आहे” एवढे म्हणावे.

सोपारकर
तळखडा यांनी सुतारकामाची बाजू इतकी नेटकी मांडली आहे की तिला हात लावण्याचे कारण नाही. मात्र सुतारांनी उत्तम काम केले म्हणून चर्च टिकले, एवढ्यावर श्रोत्यांना घरी पाठवू नये. उत्तम बांधलेली शेकडो चर्चे गेली. मध्ययुगात नॉर्वेत अशा खांबांवरच्या चर्चांची संख्या हजाराच्या वर असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आज उरली आहेत २८.

ही चर्चे शेतकऱ्यांच्या वस्त्यांनी बांधली आणि त्यांनाच ती सांभाळावी लागत. पश्चिम नॉर्वेच्या जुन्या गुलातिंग कायद्यात असे स्पष्ट कलम आहे की चर्च मोडून कोपऱ्याचे खांब पडले, तर बारा महिन्यांच्या आत नवे लाकूड जागेवर आणून टाकले पाहिजे. म्हणजे खांब पडतील हे गृहीतच होते, आणि गावाची जबाबदारी त्यानुसार ठरलेली होती. ही व्यवस्था १३४९ च्या प्लेगने मोडली. वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या, चर्च होते पण प्रार्थनेला माणसे उरली नाहीत. पुढे १५३७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने, ज्याच्या ताब्यात तेव्हा नॉर्वे होता, ल्यूथरपंथ आणला आणि प्रवचनाला महत्त्व आले, त्यामुळे अंधाऱ्या, बाकांवाचूनच्या जुन्या चर्चांत खिडक्या पाडल्या गेल्या, सज्जे चढले, बाके आली.

खरा घाला पडला तो एकोणिसाव्या शतकात, आणि तोही सद्हेतूने. १८५१ च्या कायद्याने असे ठरवले की चर्चमध्ये गावाच्या लोकसंख्येच्या तीन दशांश माणसे मावली पाहिजेत. मध्ययुगीन लाकडी चर्चे लहान, त्यामुळे गावोगाव जुने पाडून नवे, प्रशस्त चर्च बांधण्याचा सपाटा सुरू झाला. बोर्गुंडलाही १८६८ मध्ये शेजारीच नवे चर्च उभे राहिले. जुने पाडले गेले नाही, कारण तोवर योहान क्रिस्तियान डाल यांनी पेटवलेली चळवळ रुजली होती. हे डाल ड्रेस्डेनमध्ये प्राध्यापक असलेले नॉर्वेजियन चित्रकार होते. त्यांनी १८३७ मध्ये या चर्चांची चित्रे प्रसिद्ध केली. वांग गावचे चर्च मोडीत निघाले तेव्हा त्यांनी प्रशियाच्या राजाला गळ घालून ते विकत घेवविले, आणि खांब न् खांब सुटा करून ते चर्च १८४२ ते १८४४ या काळात सायलेशियाच्या डोंगरात उभे करण्यात आले. आज ती जागा पोलंडमध्ये आहे. पुरातन वास्तूंच्या जतनासाठी १८४४ मध्ये जी संस्था निघाली, तिच्या संस्थापकांतही डाल होते, आणि त्याच संस्थेने १८७७ मध्ये बोर्गुंडचे चर्च विकत घेतले.

इथे माझे एक मत नोंदवतो, ते सर्वांना पटेलच असे नाही. १८७० च्या दशकारंभी क्रिस्तियान क्रिस्ती या वास्तुकाराने बोर्गुंडची दुरुस्ती केली तेव्हा बाके, सज्जे, गाभाऱ्यावरचे छत आणि नंतरच्या काळात पाडलेल्या मोठ्या खिडक्या काढून टाकल्या. आज आत शिरल्यावर जो अंधार दिसतो आणि छपराजवळच्या लहान गोल झरोक्यांतून जो उजेड झिरपतो, तो मध्ययुगीन म्हणून दाखवला जातो. वास्तविक तो अंधार क्रिस्तींनी परत आणलेला आहे. त्या बदल्यात गावाने तीनशे वर्षे ज्या चर्चमध्ये बाकांवर बसून प्रवचने ऐकली, ते चर्च नाहीसे झाले. १६५४ ची वेदीमागची चित्रचौकट तेवढी त्या काळाची साक्ष म्हणून उरली आहे. आमच्या वसईकडे जुन्या चर्चांची दुरुस्ती निघाली की हाच वाद होतो: कोणत्या शतकाचे चर्च परत आणायचे? किल्ल्यातल्या बहुतेक चर्चांबाबत तर तो प्रश्नही उरला नाही, कारण १७३९ नंतर दगडी भिंती राहिल्या आणि लाकडी छपरे गेली.

ड्रॅगनांविषयी. वरच्या छपरांच्या टोकांना ड्रॅगन आहेत आणि खालच्या छपरांच्या टोकांना क्रूस आहेत, हे छायाचित्रात आवर्जून दाखवावे. जहाजांच्या नाळेवरच्या शिरांशी त्यांचे साम्य उघड आहे आणि अमंगळ दूर ठेवणे हा त्यांचा हेतू मानला जातो. परंतु ते गुपचूप राहून गेलेले जुने देव आहेत, ही कल्पना मला अतिरंजित वाटते. त्या काळच्या युरोपातील दगडी चर्चांतही असे प्राणी भरपूर कोरलेले आहेत. बोर्गुंडच्या पश्चिम दारावर वेली आणि ड्रॅगन एकमेकांत गुंतलेले आहेत, ती शैली त्या भागातल्या अनेक चर्चांत आढळते. जुन्या श्रद्धांचा खरा धागा हवा असेल तर तो भिंतीवर आहे. थोरिर नावाच्या वाटसरूने संत ओलाव्हच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी रून या उत्तर युरोपातील जुन्या लिपीत कोरून ठेवले आहे की तो येथून चालला होता, आणि दैवाच्या देवतांनी, म्हणजे नॉर्नांनी, भले-बुरे दोन्ही केले व आपल्या वाट्याला फार कष्ट घातले. ख्रिस्ती संताचा सण आणि जुन्या देवतांवरचे गाऱ्हाणे एकाच श्वासात. वर हे सगळे चर्चच्या भिंतीवर.

पुळणीवाट
व्याख्यान मुंबईत असल्यामुळे श्रोत्यांतून कोणी ना कोणी म्हणेलच की आपल्या हवेत लाकूड टिकतच नाही. त्यांना कार्ल्याच्या चैत्यगृहाची आठवण करून द्यावी. तिथल्या कमानदार छताच्या फासळ्या खऱ्या लाकडाच्या आहेत आणि त्या सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. बोर्गुंडपेक्षा हजारभर वर्षांनी वडील. आणि मुंबईच्या गोदीत वाडियांच्या सुतारांनी सागात बांधलेले ट्रिंकोमाली हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले, ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे.

तळखडा
पुळणीवाट, कार्ल्याचे उदाहरण जरूर द्यावे, पण त्याच्यासोबत एक खुलासाही द्यावा. कार्ल्याच्या फासळ्यांवर छपराचा भार नाही. वरचा डोंगर स्वतःच्या बळावर उभा आहे आणि फासळ्या त्याला चिकटून आहेत. शिवाय त्या पावसापासून संपूर्ण आडोशाला आहेत आणि त्यांचा जमिनीशी संबंध नाही. बोर्गुंडचे खांब रोज भार वाहतात आणि त्यांच्यावरचे छप्पर आठशे हिवाळ्यांचा बर्फ झेलत आले आहे. ट्रिंकोमालीचे उदाहरण जास्त जवळचे आहे, कारण ते काम करणारे लाकूड आहे, आणि त्याचीही वेळोवेळी मोठी दुरुस्ती झालेली आहे.

सोपारकर यांच्या मताशी मी बराचसा सहमत आहे. फक्त क्रिस्तींच्या बाजूने एवढे म्हणेन की सज्जे आणि बाके काढली गेली म्हणून आज सांगाड्याचा प्रत्येक सांधा डोळ्यांनी तपासता येतो. दुरुस्ती करणाऱ्याला याची किंमत कळते.

आंबेवाडीकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. या उत्तरांतून दोन उपप्रश्न निघतात. इतक्या वेळा दुरुस्ती झाली असेल तर चर्च “मूळचे” आहे असे कोणत्या आधारे म्हणावे? आणि एवढ्या लाकडाला, त्यातही डांबर फासलेल्या, आगीचे भय नाही काय?

तळखडा
खांब, जमिनीलगतच्या तुळया, कैच्या आणि भिंतींचा मोठा भाग मध्ययुगीन आहे. लाकडातील वार्षिक वलयांची रुंदी मोजून झाड कोणत्या वर्षी तोडले ते ठरवता येते, आणि ११८० च्या हिवाळ्याच्या आसपासचे वर्ष त्यातूनच निघाले आहे. छपरावरच्या चकत्या मात्र अनेकदा बदललेल्या आहेत आणि त्या बदलण्यासाठीच असतात. मुख्य सांगाड्याने आठशे वर्षे काढावीत म्हणून बाहेरच्या आवरणाने दर काही पिढ्यांनी मरावे, अशी ही रचना आहे.

आपण ज्याला डांबर म्हणता ते रस्त्यावरचे डांबर नव्हे, एवढे श्रोत्यांना सांगावे. पाइनची राळयुक्त मुळे आणि बुंधे मातीने झाकलेल्या भट्टीत कमी हवेवर धुमसत ठेवले की जो तपकिरी, धुराच्या वासाचा द्रव गळतो, तो गरम करून लाकडावर चढवतात. उन्हाच्या बाजूला तो लवकर पातळ होऊन उडतो, म्हणून दक्षिणेकडच्या भिंती तांबूस आणि उत्तरेकडच्या काळ्याभोर दिसतात. ठरावीक काळाने तो पुन्हा चढवला नाही तर चकत्या फाटू लागतात. नॉर्वेच्या सरकारने २००१ ते २०१५ या काळात सर्व २८ चर्चांच्या दुरुस्तीची मोहीम चालवली, तिच्यात उत्तम डांबर आणि योग्य जातीचे लाकूड मिळवणे हे स्वतंत्र काम होऊन बसले होते.

आगीचे भय आहेच, आणि ते कल्पनेतले नाही. बर्गनजवळचे फान्तोफ्त चर्च ६ जून १९९२ रोजी जाळपोळीत खाक झाले. ते मूळचे फोर्तून गावचे, १८८३ मध्ये हलवून आणलेले. आज तिथे दिसते ती नंतर उभारलेली प्रतिकृती आहे. बोर्गुंडला त्यामुळे आग ओळखणारी आणि विझवणारी यंत्रणा बसवलेली आहे, आणि आत मेणबत्ती लावण्याचा प्रश्नच येत नाही.

व्याख्यानात फलकावर उभा छेद काढून दाखवणार असाल तर छपरांपासून सुरुवात करू नका, लोक ड्रॅगनपाशीच थांबतील. आधी जोत्याचे दगड काढा, त्यांवर छेदणाऱ्या तुळया, मग खांब, मग बाहेरची पडवी, आणि पागोळ्यांची रेष पडवीच्या कितपत बाहेर पडते ते ठळक दाखवा. आणि आपल्या इमारतीतील मोरीलगतच्या खांबांचा विषय निघालाच आहे, तर टेकू लावणाऱ्या माणसाला खांबाभोवतीची लादी वीतभर उकरून पाहायला सांगा. खाली तळखडा सापडला तर कुजलेला भाग कापून नवा तुकडा सांधता येतो, संपूर्ण खांब बदलावा लागत नाही.